मात होती, दिली नाही

कालचा बुद्धिबळाचा डाव बरोबरीत सुटला आणि तेच मला झोपू देईना.

दादा काळ्या मोहऱ्यांनी खेळणार म्हणजे किल्लेकोट करणार, प्यादी जवळजवळ ठेवणार आणि समोरचा कंटाळेपर्यंत वाट बघणार. काल मी वजिरापुढचं प्यादं दोन घरं सारलं, त्यानं घोडा काढला, मी शेजारचं प्यादं सारलं, तर यानं राजापुढचं प्यादं सरळ माझ्या तोंडात दिलं. बुडापेस्ट गॅम्बिट! म्हणजे वजिरापुढचं प्यादं सारणाऱ्याला सुरुवातीलाच एका प्याद्याचं आमिष दाखवायचं. मी खाल्लं, आणि त्याचा घोडा माझ्या अंगावर आला. कधी शिकलास, विचारलं तर म्हणे, "सहज." दवाखान्यातून आल्यापासून त्याचं सगळंच सहज. ते राहू दे.

पुढे मी हत्तीसमोरचं प्यादं एक घर सारून त्याच्या उंटाला हुसकावलं. त्यानं उंट तसाच टाकला आणि घोड्यानं माझं प्यादं उचललं. उंट फुकट! माझं बोट प्याद्यावर टेकलं न टेकलं, तोच सेव-उसळीत पाव बुडवत हा म्हणतो, "नको मारूस. मात आहे."

होतीच. उंट मारला की त्याचा घोडा डी थ्रीच्या घरात, राजाला शह. राजापुढच्या प्याद्यानं त्याला मारावं तर ते हलूच शकत नाही, समोर त्याचा वजीर टपलेला, प्यादं हललं की राजा उघडा. राजानं पळावं तर सगळी घरं माझ्याच मोहऱ्यांनी अडवलेली. मग मी घोडा मारला, त्यानं मारला, आणि डाव रेंगाळत संपला.

पण सांगितलं कशाला? मी काय इतका लेचापेचा खेळतो?

रात्री शोधत बसलो. १८९६ साली बुडापेस्टमध्येच हंगेरीचा मारोत्सी काळ्याकडून हे खेळला होता. १९१८ मध्ये बर्लिनला विडमारनं याच गॅम्बिटनं रुबिनस्टाइनला, तेव्हाच्या अव्वल खेळाडूला, हरवलं. रुबिनस्टाइनला! त्याला कुणी "नको मारूस" म्हटलं नाही.

सकाळी वहिनीचा फोन. "भाऊजी, हे फोनवर बघून बघून पट मांडत होते, जेवायलासुद्धा उठेनात." म्हणजे एवढी तयारी करून, मात हातात आल्यावर सोडली. घाई कसली होती, आणि मग दया कसली?

उत्तरायणातही हेच. गच्चीवरून बडोद्याच्या अख्ख्या दांडिया बाजारचे पतंग कापायचा, माझ्या पतंगाला तेवढा पेच लावायचा नाही. मला वाटायचं, माझा मांजा पक्का.

असो. पन्नाशी उलटलेल्या माणसानं मात मिळाली नाही म्हणून रुसायचं म्हणजे जरा अतीच झालं. पुढच्या रविवारी काळी मोहरी माझ्याकडे. हेच त्याच्यावर उलटवावं म्हणून मघाशी पट मांडला, तेव्हा लक्षात आलं की दादा पांढऱ्याकडून नेहमी राजापुढचंच प्यादं सारतो. तिथे बुडापेस्ट लागूच होत नाही.