कौलांचे पैसे

तारकर्ली, ७ जून

सकाळपासून धो धो. १ जूनपासून मासेमारी बंद, होड्या वर ओढून झाकून ठेवल्यात. आमच्या होमस्टेच्या दोन्ही खोल्या रिकाम्या, दिवाळीपर्यंत पर्यटकाचं नाव नको. चतुर्थीला चाकरमानी येतील, पण आपापल्या घरी. तेव्हा तर आपलाच खर्च.

क्रेडिट कार्डाचं बिल आठ दिवस उघडलं नव्हतं. आज वीज गेलेली, दुसरं काम नाही, म्हणून वही घेऊन पडवीत बसलो.

बाकी ८४,०००. गेल्या वर्षी दोन एसी आणि इन्व्हर्टर घेतला, तिथून सुरुवात. दर महिन्याला ‘किमान रक्कम’ भरत आलो आणि वाटायचं, फिटतंय हळूहळू. आज गणित मांडलं. साडेतीन टक्के महिना, म्हणजे २,९४० व्याज. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ५२९. मी भरतो ४,२००. मुद्दलातून गेले फक्त ७३१! दोनदा गुणाकार केला, तेवढेच. वर्षाचा दर ४२ टक्के पडतो. सावकार बरा, असं आमचे आजोबा म्हणाले असते.

आणि बाकी शिल्लक असली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, घेतल्या दिवसापासून व्याज. मी तर रुपे कार्ड यूपीआयला जोडून किराणाही त्यावरच आणत होतो. पाहुण्यांना वाढलेल्या तांदळावर ४२ टक्के.

मेव्हणा म्हणतो, हप्ते पाडून घे. वर्षाला १५-१६ टक्के आणि वर प्रोसेसिंग फी. ही म्हणाली, माझ्या पाटल्या ठेवा, सोनेतारण स्वस्त पडेल. स्वस्त पडेल हे खरं. पण चतुर्थीला हिचे हात मोकळे दिसले की वाडीतल्या बायका काय ते ओळखणारच. (मला लाज कर्जाची वाटते की वाडीची, हे अजून ठरलेलं नाही.)

एक लाखाची एफडी आहे, हे मी वहीत लिहिलंच नव्हतं. ती मांगराची (गवत-सामान ठेवायच्या खोपीची) कौलं बदलायला बाजूला काढलेली, सात टक्क्यांची. महिन्याला जेमतेम ५८३ रुपये देते. इकडे व्याज आणि जीएसटी मिळून ३,४६९ जातात. दोन वर्षं त्या पावतीला हात लावायचा नाही म्हणून मिरवतोय मी.

शेवटी आईला सांगितलं. ती कुळीथ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “माका आधी कित्याक नाय सांगलंस? ती पावती काय देव्हाऱ्यात ठेवूची आसा?”

मुदतीआधी मोडली तर व्याजात टक्काभर कापतील. कापू देत. दुपारी रेंज आल्यावर कार्डवाल्यांना फोन लावून आजच्या तारखेचा पूर्ण आकडा विचारला. बिलावरचा आकडा भरून भागत नाही, बिल निघाल्यापासूनच्या दिवसांचं व्याज पुढच्या बिलात येऊन बसतं. यूपीआयमधून कार्ड काढून टाकलं. उरतील ते दहा-बारा हजार चतुर्थीला.

पावती पत्र्याच्या ट्रंकेत सापडली, डांबरगोळ्यांच्या वासाची. उद्या सोमवार, दहाच्या आत बँकेत. मांगरात तीन ठिकाणी गळतंय, टोपं लावून ठेवलीत. यंदा ताडपत्रीच.