आधी वाफ, मग बर्फ

फिनलंडमधल्या ताम्पेरेला भाच्याकडे जायचं ठरलं तेव्हा मैत्रिणींनी एकच प्रश्न विचारला, "बर्फात उडी मारणार का?" माझं वय ५४, रोज सकाळी बीपीची गोळी. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "सावकाश जा, डोकं बुडवू नका, दारू घेऊन तर अजिबात नको." तिसरी अट पाळणं सोपं होतं.

भाचा राहतो त्या इमारतीत तळघरात सगळ्यांची मिळून एक सौना, म्हणजे गरम वाफ घ्यायची लाकडी खोली, आहे. प्रत्येक घराला आठवड्यातला ठरलेला एक तास. फिनलंडची लोकसंख्या साधारण ५६ लाख आणि सौना ३० लाखांच्या आसपास, हे त्याने सांगितलं तेव्हा मला थाप वाटली होती. तळघर पाहिल्यावर पटलं.

पण पहिल्यांदा त्याने आणि भाचेसुनेने मला नेलं ते राउहानिएमीच्या सार्वजनिक सौनेत, नॅसियार्वी तलावाच्या काठी. बाहेर उणे १४. तलाव पांढरा, सपाट, वर माणसं चालताहेत. लाकडी धक्क्याच्या टोकाला तेवढा काळ्या पाण्याचा एक चौकोन उघडा. याला आवान्तो म्हणतात. पाणी गोठू नये म्हणून ते हलतं ठेवतात.

खरं सांगू? बर्फापेक्षा मला शॉवरची जास्त धास्ती होती. सौनेत शिरण्याआधी अंघोळ करायची, आणि ती पोहण्याचा पोशाख न घालता, बायकांच्या सामायिक खोलीत. म्हणजे अंघोळ करून मग अंघोळीला! मी भिंतीकडे तोंड करून, अंग चोरत उरकलं. शेजारची सत्तरीची बाई मजेत केस धूत होती. माझ्याकडे कोणीही पाहत नव्हतं. मीच सगळ्यांकडे पाहत होते, हे थोड्या वेळाने लक्षात आलं आणि जरा ओशाळले.

आतली सौना स्त्री-पुरुषांची एकत्र, म्हणून तिथे पोशाख घालायचा. उतरंडीसारख्या लाकडी बाकांवर पंधरा-वीस माणसं. बुडाखाली आपापलं कापड. मी शहाणपणा करून सगळ्यात वर जाऊन बसले. कोपऱ्यात किउआस, म्हणजे दगडांची रास घातलेली भट्टी. कोणीतरी लांब दांड्याच्या ओगराळ्याने पाणी टाकलं. सेकंदभर काहीच नाही, मग कान पेटले. नाकपुड्या आतून भाजल्यासारख्या झाल्या आणि मी चार पायऱ्या कधी उतरले ते मलाच कळलं नाही.

भाचा इंजिनिअर, त्यामुळे ज्ञान फुकट मिळतं. "मावशी, हवा काही एकदम तापलेली नाही. कोरडी हवा ८०-९० अंशांची असली तरी सोसते, कारण ती उष्णता सावकाश देते. पण वाफ तुझ्या अंगाला लागून पुन्हा पाणी होते आणि स्वतःकडची सगळी ऊब तुझ्यावर ओतते." म्हणजे आपण ज्याला घाम समजतो त्यातलं काही दगडावर टाकलेलं पाणीच असतं.

दहा मिनिटांनी बाहेर. भाचेसून म्हणाली, "मावशी, तुम्ही उतरताना श्वास सोडत राहा. आत ओढायला जाऊ नका." ओले पाय बर्फाला चिकटू नयेत म्हणून पायात रबरी बूट, डोक्यावर लोकरी टोपी, खाली पोहण्याचा पोशाख. हे ध्यान आरशात दिसलं नाही ते बरं झालं. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर पाणी पोटाला लागलं आणि श्वास घशातच थबकला. "आई गं!" सगळ्या तलावाने ऐकलं असणार. दहा मोजले, वर आले.

आणि वर आल्यावर थंडी वाजेना. उणे १४ मध्ये ओल्या अंगाने उभी होते, दंडांतून वाफा निघत होत्या, सगळ्या कातडीला मुंग्या. दुसऱ्या फेरीत तीस मोजले. फोटो काढले, मैत्रिणींना पाठवले. माझ्या मते काम फत्ते झालं होतं.

तसं नव्हतं. ते कळलं दोन दिवसांनी, पिस्पाला भागातल्या रायापोर्तीत. १९०६ साली सुरू झालेली, अजून चालू असलेली फिनलंडमधली सगळ्यात जुनी सार्वजनिक सौना. लाकडावर तापते. बायका-पुरुष वेगळे, त्यामुळे पोशाखाचा प्रश्नच मिटला. इथे तलाव नाही, बर्फाचं भोक नाही. गार व्हायचं तर टॉवेल गुंडाळून अंगणात बसायचं. मला आधी वाटलं, मग आलोच कशाला?

पाणी टाकण्याआधी एका आजींनी सगळ्यांकडे बघून विचारलं, टाकू का? चार माना हलल्या. मग त्यांनी थोडंसंच टाकलं, थांबल्या, ऐकलं, परत थोडं. यावेळी वाफ भाजत आली नाही. आधी छताला गेली, मग पाठीवरून शालीसारखी उतरली. तिला लॉयल्यू म्हणतात. या शब्दाचा जुना अर्थ प्राण, जीव; हंगेरियन भाषेतला आत्म्यासाठीचा शब्द याच मुळातला. इथल्या बायका पूर्वी सौनेत बाळंत व्हायच्या आणि गेलेल्या माणसाला शेवटची अंघोळही तिथेच घालायचे. त्या अंधाऱ्या खोलीत बसून हे ऐकलं की तो शब्द नुसता वाफेचा राहत नाही.

आणखी एक. बसमध्ये एकमेकांकडे न बघणारी ही माणसं इथे गप्पा मारतात! आजींनी मला त्यांची विहता दिली, बर्चच्या डहाळ्यांची जुडी. उन्हाळ्यात बांधून फ्रीजरमध्ये ठेवलेली. खांद्यांवर हलकेच मारायची. पावसानंतरच्या रानासारखा वास. पूर्वेकडे हिलाच वास्ता म्हणतात, आणि कोणता शब्द बरोबर यावर वाद घालणं हा इथला आवडता उद्योग आहे.

अंगणात बाकावर बसले तेव्हा फोटोसाठी हात पिशवीकडे गेला नाही. तसंही तिथे फोटो काढला असता तर आजींनी ओगराळंच उगारलं असतं. बर्फाची डुबकी मजेची खरी, पण ती मिनिटाची. गारवा असतो तो परत वर जाऊन बसावंसं वाटावं म्हणून.

शेवटच्या गुरुवारी इमारतीतल्या सौनेचा आमचा तास, सात ते आठ. मी आणि भाचेसून दोघीच. ओगराळं माझ्या हातात. मी विचारलं, "टाकू?" ती डोळे मिटूनच हसली. थोडंसं टाकलं, थांबले. परत थोडं. आठ वाजून दोन मिनिटं झाली तेव्हा दारावर टकटक झाली; पुढच्या घरातली माणसं टॉवेल घेऊन उभी होती.