मोटरहोमचं दार, ३८ किलोमीटर खडी आणि दोनदा तुटलेलं हँडल

मोटरहोमने, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीने, आठ दिवस फिरून आलो, पण लिहिणार आहे ते बहुतेक सगळं तिच्या एका दाराबद्दल. पहिले तीन दिवस समुद्रकाठाने छान गेले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. चौथ्या दिवसापासून सांगतो.

नकाशात तो रस्ता पक्का दाखवलेला. आदल्या मुक्कामावर भेटलेले एक काकाही म्हणाले, "बिनधास्त जा, काही त्रास नाही." ते स्वतः जीपने गेले होते, हे नंतर कळलं. सहा किलोमीटरवर डांबर संपलं आणि पुढे ३८ किलोमीटर खडी लागली, तीही आडव्या लाटा पडलेली. ताशी १५ च्या वर काटा नेला की कपाटाची दारं उघडायची. पावणेतीन तास लागले. मोटरहोम घेऊन असल्या रस्त्याला जाऊच नका. फेऱ्याचा रस्ता ९० किलोमीटर जास्त पडला तरी तोच घ्या.

मुक्कामाला पोचलो. जमीन उतरती होती, म्हणून मागचं एक चाक ठोकळ्यावर चढवून गाडी समतल केली. आम्ही तिघं खाली उतरलो, आई आत होती, दार वाऱ्याने लागलं. थोड्या वेळाने आतून हाक आली, "अरे, दार उघडत नाहीये." बाहेरचं हँडल ओढलं तर ते कुठेच न अडकता अलगद वर आलं. आतला खटकाही नुसताच फिरत होता. शेगडीवर पाणी ठेवलेलं होतं. आधी ओरडून सांगितलं, "आई, गॅस बंद कर, सिलिंडरचासुद्धा."

ड्रायव्हरच्या दारातून मागे जाता येतं, पण दोन सीटच्या फटीतून वाकून बाहेर येणं आईच्या गुडघ्यांना जमणारं नव्हतं. मुलगा त्या वाटेने आत गेला, आतलं झाकण चार स्क्रू काढून उतरवलं आणि लॉकमधला दांडा पकडीने ओढला, तेव्हा दार उघडलं. वीस मिनिटं गेली. आई काही बोलली नाही, पायरीवर बसून राहिली. माझे हात थरथरत होते. स्क्रूड्रायव्हर आणि पक्कड बाहेरच्या डिकीत होती. आता दोन्ही दाराशेजारच्या खणात असतात. तुम्ही निघण्याआधी एवढं एक कराच.

रात्री बॅटरीच्या उजेडात हँडल उलटं करून पाहिलं. दांड्याला ढकलणारं आतलं नाक मुळापासून तुटलेलं. तुटीचा अर्धा भाग चकचकीत, साखरेसारखा दाणेदार होता आणि उरलेला अर्धा काळपट, मळलेला. म्हणजे चीर जुनी होती, खडीच्या रस्त्याने ती शेवटाला नेली एवढंच. ही हँडलं बहुतेक जस्ताच्या ओतीव मिश्रधातूची असतात, त्यात साधारण ४ टक्के अॅल्युमिनियम. ओतायला सोपा, पण वारंवार ताण बसला की हा धातू वाकून इशारा देत नाही, सरळ तुटतो. तो ३८५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो, त्यामुळे कोणी "वेल्डिंग करून देतो" म्हणाला तर हँडल त्याच्या हातात देऊ नका.

पाचव्या दिवशी गॅरेज शोधलं. मेकॅनिकने दार एकदा उघडून मिटलं आणि निकाल दिला, "साहेब, अख्खं लॉकच बदलावं लागेल." माझ्याकडे वाद घालायची ताकद नव्हती. डिझेलच्या दोन भरलेल्या टाक्यांना पडतील एवढे पैसे घेतले आणि मशिनने स्क्रू असे आवळले की दाराचा पत्रा चारही कोपऱ्यांत खचला. या दारांच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये फोम भरलेला असतो, जास्त आवळलं की तो चेपतो, सील नीट बसत नाही आणि पाणी आत शिरतं. हाताने आवळा, रबर किंचित दबलं की थांबा. आणि जुने भाग मागून घ्या. मी घेतले, त्यानेच पुढे निभावलं.

नवं हँडल पहिल्यापासूनच जड लागत होतं. सहाव्या दिवशी संध्याकाळी त्याचा आतला खटका तडकला.

तेव्हा लक्षात आलं की दुखणं हँडलमध्ये नाही. सातव्या दिवशी मुक्काम हलवला नाही. गाडी सपाट जागी चारही चाकांवर उभी केली. ठोकळ्यावर चढवलेल्या गाडीचा सांगाडा थोडा पिळवटतो, त्या अवस्थेत दार तपासलं तर भलताच निष्कर्ष निघतो. दाराच्या वरची फट बिजागरीकडे ४ मिलिमीटर, लॉककडे ७. दार उतरलं होतं. अर्धं उघडून मोकळ्या टोकाला वर उचललं तर वरची बिजागरी हलताना दिसली. मग लॉकच्या जिभेला खडू फासून दार हळू लावलं. चौकटीवर जीभ जिच्यात अडकते त्या पट्टीच्या मधोमध उमटायला हवी ती खूण खालच्या काठावर उमटली. जीभ काठाला घासत होती, आम्ही ती प्रत्येक वेळी जोर लावून सोडवत होतो आणि तो सगळा जोर त्या नाकावर पडत होता. शिवाय चढताना आम्ही सगळेच दाराला धरून स्वतःला वर ओढायचो. त्यासाठी चौकटीला वेगळी मूठ असते, तीच धरायची. आईला खाली एक जादा पायरी ठेवून दिली.

वरच्या बिजागरीच्या स्क्रूची भोकं मोठी झाली होती. एक माप जाड स्टेनलेस स्क्रू एपॉक्सी गोंद लावून बसवले, पट्टी तिच्या लांबट भोकांतून मिलिमीटरभर खाली सरकवली. पुन्हा खडू लावला, खूण मधोमध आली. दार एका बोटाने लागलं, तेव्हा मला रडूच यायचं बाकी होतं.

मग जुन्या हँडलची तात्पुरती दुरुस्ती. दोन्ही तुकडे पॉलिश पेपरने खरवडून स्पिरिटने पुसले, आरपार ३ मिलिमीटरचं भोक पाडून पोलादी पिन घातली आणि सावकाश घट्ट होणारं दोन भागांचं एपॉक्सी भरलं. पाच मिनिटांवालं नको, ते इतका ताण सोसत नाही. २४ तास हात लावला नाही. तोवर रात्री दार आतून पट्ट्याने, एका झटक्यात सुटेल असं बांधलं. परतीच्या २१० किलोमीटरला हे हँडल टिकलं. कायमचं मात्र याच्यावर विसंबू नका.

घरी येऊन योग्य हँडल मागवलं. मागवताना नुसतं गाडीचं मॉडेल सांगून भागत नाही, एकाच मॉडेलला वेगवेगळ्या वर्षी वेगळी लॉकं बसवलेली असतात. हँडल काढून मागच्या बाजूला ओतलेला नंबर बघा. नसेल तर दारातल्या खाचेची उंची आणि रुंदी, दाराची जाडी, स्क्रूंच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर, दाराच्या कडेपासून चौकोनी दांडीच्या मध्यापर्यंतचं अंतर आणि त्या दांडीची बाजू मोजा. ७ आणि ८ मिलिमीटरच्या दांड्या डोळ्यांना सारख्याच दिसतात, कॅलिपर लावा. बिजागऱ्या बाहेरून बघताना डावीकडे की उजवीकडे, हेही कळवा. काही बनावटीत किल्ली फिरते तो लॉकचा गोल भाग (सिलिंडर) सुटा निघतो आणि नव्या हँडलमध्ये बसतो, म्हणजे जुनी किल्ली चालते. हे आधी विचारा.

बसवताना जुनं सील पूर्ण खरवडून काढा आणि ब्युटाइलची (चिकट रबरी) पट्टी लावा. सगळ्यात महत्त्वाचं, दार उघडं ठेवूनच नवं लॉक तपासा. जीभ बोटाने दाबून आतून दहा वेळा, बाहेरून दहा वेळा, किल्लीनेही. त्यानंतरच दार मिटा, तेही एक माणूस बाहेर आणि एक आत असताना. वंगण म्हणून ग्रीस किंवा तेलाचा फवारा नको, त्यात धूळ बसून घासणारा लगदा होतो. माझ्या जुन्या लॉकमध्ये तोच काळा चिखल निघाला. टेफ्लॉनचा कोरडा स्प्रे वापरा, किल्लीच्या भोकात ग्रॅफाइटची पूड.

पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर सगळे स्क्रू एकदा तपासा. माझे बिजागरीचे दोन अर्धा आटा सैल झाले होते, हँडलचे चारही जागच्या जागी होते.