‘ऑपरेशन नको’ असे सांगणारी सोनोग्राफी

प्राण्यांच्या विशेषज्ञ उपचारांविषयी जे काही छापून येते, ते बहुतेक मोठ्या शहरांतील कुत्र्या-मांजरांविषयी असते. मुंबईत महालक्ष्मी येथे २०२४ साली टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांचे रुग्णालय सुरू झाले, तेव्हा त्याचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. मात्र देवणी आणि लाल कंधारी जातींची जनावरे ज्यांच्या दावणीला आहेत, त्या आम्हा मराठवाड्यातील लोकांसाठी विशेषज्ञ म्हणजे परभणीचे किंवा उदगीरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय. परभणीचे १९७२ पासूनचे, उदगीरचे १९८७ पासूनचे. तालुक्याच्या दवाखान्यात निदान अडले की जनावर टेम्पोत चढवून तिकडे न्यायचे, अशी आमच्याकडची रीत आहे.

या विशेषज्ञ उपचारांचे, विशेषतः सोनोग्राफीचे, मोल मला सर्वांत जास्त पटते ते तार गिळलेल्या गाईच्या बाबतीत. गाय चारा निवडून, चावून खात नाही. आधी गिळते आणि मग सावकाश रवंथ करते. त्यामुळे बांधकामाची तार किंवा कडबाकुट्टीत तुटलेला खिळ्याचा तुकडा चाऱ्यासोबत सहज पोटात जातो आणि जड असल्याने जाळीपोटात (गाईच्या पोटाच्या एका कप्प्यात) उतरून बसतो. जाळीपोट आणि हृदय यांच्यामध्ये पडदा असला, तरी अंतर फारच थोडे असते. पोटाच्या आकुंचनाने तार पुढे सरकते, पडदा भेदते आणि हृदयाच्या आवरणात पू साचू लागतो. मानेची शीर टच्च फुगते, गळ्याखालची पोळी सुजते, चारा सुटतो. परंतु ही लक्षणे स्पष्ट होईपर्यंत बहुधा वेळ निघून गेलेली असते. आधीच्या टप्प्यात दिसते ते एवढेच, की गाय दूध कमी देते, पाठ कमानदार करून उभी राहते आणि उतारावरून चालायला नाखूश असते. अपचन समजून मसाला पाजण्यात तेवढे दिवस जातात.

सोनोग्राफीत तार स्वतः नेहमी दिसतेच असे नाही. जाळीपोट साधारण मिनिटाला एकदा आकुंचन पावते. ती हालचाल मंदावली आहे काय, भोवती पू किंवा चिकट जाळे आहे काय आणि हृदयाच्या आवरणात पाणी भरले आहे काय, हे मात्र यंत्राच्या पडद्यावर कळते. तार अजून पोटातच असेल, तर गाईला खोड्यात उभी ठेवून, डाव्या कुशीला बधिर करून, कोठीपोट (पोटाचा मोठा कप्पा) उघडून ती हाताने काढता येते. (आडवे पाडून पूर्ण भूल दिली की रवंथ करणाऱ्या जनावराचे पोट फुगते आणि पोटातील पाणी श्वासनलिकेत जाण्याची भीती असते, म्हणून ही उभ्याची पद्धत.) हृदयाभोवती पू झाला असेल, तर जाणकार डॉक्टर बहुधा शस्त्रक्रिया न करण्याचा सल्ला देतात. दुष्काळी भागातल्या शेतकऱ्यासाठी हा नकारसुद्धा उपचाराइतकाच मोलाचा आहे, कारण व्यर्थ खर्च आणि जनावराचे हाल दोन्ही टळतात.

बैलांच्या शिंगाच्या कॅन्सरचेही असेच आहे: शिंग एका बाजूला झुकू लागताच दाखवले, तर ते मुळापासून काढून बैल वाचू शकतो, अळ्या पडल्यावर नेले, तर फारसे काही हाती राहत नाही. गावातल्या कुत्र्यांमध्ये संभोगातून पसरणाऱ्या गाठी मात्र व्हिन्क्रिस्टिनच्या साप्ताहिक इंजेक्शनांनी बहुतेक वेळा पूर्ण विरघळतात, आणि हे औषध माणसांच्या कॅन्सरवरही वापरले जाते, हे सांगितल्यावर लोक चकित होतात.

खरी अडचण अंतराची आहे. छातीत पू झालेल्या गाईला टेम्पोत तासन्‌तास उभे करून नेणे हेच तिच्यावर मोठे संकट असते, म्हणून बॅटरीवर चालणारे सोनोग्राफी यंत्र आणि ते वाचू शकणारा डॉक्टर गोठ्यापर्यंत पोचणे मला नव्या इमारतींपेक्षा अधिक निकडीचे वाटते. तोपर्यंत डॉक्टरांच्या सल्ल्याने गाईला तोंडावाटे लोहचुंबक द्यावे; ते जाळीपोटातच राहते आणि तारेला धरून ठेवते.