एक शिखर की दोन जागा? बेझियन क्यूटीएल विश्लेषणाचा माझा अनुभव

दाण्याचे वजन एखाद्या जनुकाने ठरत नाही. अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा आणि त्यावर परिस्थितीचा परिणाम, अशी ती बेरीज असते. दोन शुद्ध वाणांच्या संकराच्या संततीत अशा जनुकांच्या जागा, म्हणजे क्यूटीएल, शोधण्याचे काम माझ्याकडे आले तेव्हा लँडर आणि बॉटस्टाइन यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या इंटरव्हल मॅपिंगपासून (गुणसूत्रावरची एकेक जागा क्रमाने तपासण्याच्या पद्धतीपासून) मी सुरुवात केली. एका गुणसूत्रावर एलओडीचे, म्हणजे तिथे क्यूटीएल असल्याच्या पुराव्याच्या मापाचे, एकच ठसठशीत शिखर आले आणि नेमके तेच मला खटकले. जवळपासच्या दोन जनुकांचा परिणाम एकाच दिशेचा असेल, तर एकेक जागा तपासणारी पद्धत त्यांच्या मधोमध, जिथे प्रत्यक्षात काहीच नाही तिथेही, शिखर दाखवू शकते.

म्हणून मी बेझियन पद्धतीकडे, म्हणजे आधीचा अंदाज आणि मोजलेली माहिती एकत्र करून संभाव्यता काढणाऱ्या पद्धतीकडे, वळलो. तिच्यात क्यूटीएलच्या जागा आणि परिणामच नव्हेत, तर त्यांची संख्याही अज्ञात मानली जाते. ग्रीन यांच्या १९९५ च्या रिव्हर्सिबल जंप पद्धतीने साखळी, म्हणजे संगणकाने एकामागून एक काढलेल्या यादृच्छिक नमुन्यांची मालिका, दर फेरीला एखादे क्यूटीएल जोडून किंवा वगळून पाहते, आणि मार्करांच्या, म्हणजे गुणसूत्रावरच्या ओळखीच्या डीएनए खुणांच्या, मधल्या जागांचे न मोजलेले जनुकरूपही शेजारच्या मार्करांवरून संभाव्यतेनुसार भरून घेते.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो प्रायरने, म्हणजे माहिती पाहण्याआधी गृहीत धरलेल्या वितरणाने. संख्येसाठी पॉयसाँ वितरण घेतले, पण त्याची सरासरी बदलली की पोस्टिरिअरमधली (माहिती पाहिल्यानंतरच्या वितरणातली) संख्याही सरकत असे. जागांचे चित्र मात्र फारसे हलत नव्हते. त्यामुळे ‘एकूण क्यूटीएल किती’ या प्रश्नाच्या उत्तरावर मी भर दिला नाही, आणि माझ्या मते कोणीही तो जपूनच द्यावा.

साखळी स्थिरावली का, हे तपासणेही सरळ नव्हते. एका फेरीतले ‘पहिले’ क्यूटीएल पुढच्या फेरीत ‘दुसरे’ होते, त्यामुळे क्रमांकानुसार सरासरी काढण्यात अर्थ नसतो. गुणसूत्राचे लहान लहान तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात किती टक्के फेऱ्यांत क्यूटीएल आले ते मोजले, आणि निरनिराळ्या आरंभस्थानांवरून सोडलेल्या साखळ्यांचे हे आकडे जुळेपर्यंत फेऱ्या वाढवत नेल्या (संगणक रात्रभर चालू ठेवण्याला पर्याय नव्हता).

त्या संशयास्पद गुणसूत्रावर साखळी कधी मधल्या एका जागेवर, तर बहुतेक वेळा दोन बाजूंच्या दोन जागांवर असे. दोन असताना एकाचा परिणाम वाढला की दुसऱ्याचा घटे; बेरीज मात्र जवळपास तेवढीच राही. अहवालात मी ती बेरीज ठामपणे मांडली, दोन्ही जागा संभाव्यतेसह दिल्या आणि एकच मार्कर सुचवण्याचे टाळले. या दोन जागांना वेगळे करणारी माहिती त्यांच्यामध्ये पुनर्संयोग (गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल) झालेल्या संततीतूनच मिळते, आणि तशी झाडे माझ्या नमुन्यात थोडीच होती. म्हणून पुढच्या हंगामासाठी त्याच भागात जास्त मार्कर आणि मोठी संतती मागितली आहे.