तुम्ही विचारलंत म्हणून : ती चित्रं बघायला कुठं मिळतील?

कोल्हापुरात शाहू स्मारकच्या पायऱ्यांवर, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर रिक्षात बसल्या बसल्या मला हा प्रश्न आला आहे. "तुम्ही तुरुंगातल्या बायकांकडून फोटो काढून घेता म्हणे. बघायला कुठं मिळतील?" विचारणाऱ्याच्या मनात खरोखर ओढ असते, म्हणून ‘नाही मिळणार’ म्हणताना मला दर वेळी जड जातं. आज सविस्तर सांगते.

आत कॅमेरा नेता येत नाही. मोबाईलही नाही. म्हणून कळंबा कारागृहाच्या महिला विभागात आम्ही कॅमेऱ्याशिवाय चित्रं काढतो. जॉन हर्शेल यांनी 1842 साली शोधलेली सायनोटाइप ही पद्धत आहे. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड पाण्यात वेगवेगळं विरघळवायचं, एकत्र करायचं आणि ब्रशनं कागदावर फिरवायचं. हे मी घरी, खिडक्या झाकून करते. वाळलेले कागद काळ्या पिशवीतून नेते. आवारात उन्हात कागद ठेवायचा, त्यावर हवी ती वस्तू ठेवायची. एप्रिलच्या उन्हात सात-आठ मिनिटं पुरतात. एरवी वस्तू दाबून बसावी म्हणून वर काच ठेवतात, पण काचही आत जात नाही. त्यामुळं जे आपल्या वजनानं कागदावर बसेल तेवढंच: कंगवा, चप्पल, पिंपळाचं पान खडा ठेवून. आणि हात. मग कागद बादलीत बुडवला की पिवळट-हिरवा रंग सुटून जातो आणि निळा वर येतो. ऊन लागलं तिथं निळं, वस्तू होती तिथं पांढरं. त्या क्षणी बादलीभोवती जी गर्दी होते, ती मी पाण्याच्या टँकरभोवतीच पाहिली आहे.

एका आईनं लेकराचा पंजा ठेवला. सहा वर्षांपर्यंतच मूल आईपाशी आत राहू शकतं, आणि तिचा मुलगा साडेपाचचा होता. सात मिनिटं हात स्थिर राहावा म्हणून ती त्याला कोल्ह्याची गोष्ट सांगत होती. गोष्टीतला कोल्हा विहिरीत पडला आणि त्यानं हात उचलला. पुन्हा ठेवला, पण जरा सरकून. कागदावर सात बोटांचा धुरकट पंजा उठला. दुसरा कागद देते म्हटलं, तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ताई. हालला म्हंजे त्योच हाय."

आता माझी चूक सांगते.

सुरुवातीच्या काळात मी यातली काही चित्रं शहरात मांडली. बायकांना विचारून, सह्या घेऊन. नाव नाही, चेहरा नाही, नुसते निळ्यातले पांढरे हात. याहून सुरक्षित काय असणार, असं मला वाटलं होतं. त्यात एक हात असा होता, ज्याचं मधलं बोट अर्धंच होतं. गुऱ्हाळावर चरकात ऊस सारताना गेलेलं. प्रदर्शनाला तिच्या तालुक्यातलं कुणी आलं आणि त्या बोटावरून त्यानं तिला ओळखलं. घरच्यांनी गावात सांगितलं होतं, ती पुण्याला बहिणीकडं आहे. थोरल्या लेकीची सोयरीक ठरत आली होती. बोलणी थांबली.

ती कच्ची कैदी होती. खटला उभाच राहिला नव्हता. 2022 अखेरच्या सरकारी आकडेवारीत देशातल्या तुरुंगांत दर चार जणांमागे तिघं असेच, निकालाची वाट बघणारे होते. पण गावाला तेवढा धीर नसतो. मी माफी मागायला गेले, तेव्हा ती रागावली नाही, आणि ते मला जास्त लागलं. एवढंच म्हणाली, "ताई, माझं बोट सगळ्या गावाला म्हाईत हाय. तुमी मला इचारलं, पर मला तरी कुठं ध्यानात आलं?"

सही घेतली म्हणजे परवानगी घेतली, असं मी मानत होते. ज्या बाईनं कधी चित्रांचं प्रदर्शन पाहिलेलंच नाही, तिला तिथं कोण येऊ शकतं हे समजावून सांगायचं काम माझं होतं. ते मी केलं नव्हतं.

बालगृहातल्या मुलांच्या बाबतीत कायदाच स्पष्ट आहे. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 74 नुसार अशा मुलाची ओळख पटेल असं काहीही छापता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मला तो कायदा जाचक वाटत नाही. या मुलांबरोबर आम्ही बिस्किटाच्या डब्याला सुईनं भोक पाडून कॅमेरे करतो. खरी कॉर्नरला बाबुराव पेंटरांच्या कॅमेऱ्याचं स्मारक आहे. विलायती कॅमेरा परवडेना, तेव्हा याच गावात लेथवर त्यांनी स्वतःचा घडवला आणि 1920 मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. हे ऐकल्यावर एक मुलगा डबा छातीशी धरून म्हणाला, "म्हंजे आपलं बी चालतंय की!" त्याच्या डब्यातून निघालेलं चित्र अप्रतिम आहे. ते त्याच्याकडं आहे.

तर चित्रं कुठं आहेत? गळाभेटीच्या दिवशी, मध्ये जाळी नसते तेव्हा, ती मुलांच्या हातात जातात. आजोळी जातात. एक देव्हाऱ्यात अंबाबाईच्या तसबिरीमागं आहे, एक शाळेच्या दाखल्याच्या फायलीत. सात बोटांचा पंजा आईजवळ आहे, मुलगा आता मामाकडं असतो.

अर्ध्या बोटाचं चित्र मी तिला परत दिलं. पुढच्या खेपेला तिनं नवा कागद मागितला, उन्हात बसली, आणि या वेळी मूठ मिटून ठेवली.