उशिरा पोहोचणारे डॉक्टर

फोंड्यातल्या माझ्या दवाखान्यात रक्तदाब तपासून घेताना कोणीतरी हमखास विचारते: "डॉक्टर, नेपाळात भूकंप झाला तेव्हा तुम्ही गेला होतात ना? पण गोव्याहून तिथे पोहोचेपर्यंत ढिगाऱ्याखालची माणसे दगावलेली असणार. मग तुम्ही नेमके केलेत काय?" तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो.

तुमचा तर्क बरोबर आहे. ढिगाऱ्यातून जिवंत निघणारी बहुतेक माणसे पहिल्या दिवसभरातच निघतात आणि त्यांना काढतात ते शेजारीपाजारी, हाताला लागेल ती पहार-कुदळ घेऊन. 25 एप्रिल 2015 रोजी गोरखा जिल्ह्यातील बारपाकजवळ 7.8 क्षमतेचा धक्का बसला, तो शनिवारी दुपारी बाराच्या सुमारास. शाळांना सुटी होती आणि गावोगावी पुष्कळ माणसे घराबाहेर होती, म्हणून प्राणहानी त्यातल्या त्यात आटोक्यात राहिली असे म्हणायचे, तरी मृतांचा आकडा 9,000च्या आसपास गेलाच. उलट किल्लारीला 1993 साली भूकंप झाला तो पहाटे, विसर्जनाची रात्र उलटताना, दगडमातीच्या भिंतींखाली गाव झोपलेले असताना.

त्या पहिल्या तासांत डॉक्टर हजर असलाच, तर त्याचे मोलाचे काम म्हणजे तुळई उचलण्याआधीच शिरेतून सलाईन सुरू करणे. बराच वेळ चेंगरलेला पाय मोकळा झाला की मेलेल्या स्नायूंतले पोटॅशियम रक्तात उतरून हृदय थांबू शकते आणि मायोग्लोबिन या स्नायूंतल्या प्रथिनामुळे मूत्रपिंडे निकामी होतात. हे काम तिथल्याच आरोग्यसेवकांना शिकवलेले हवे. ते आमच्या वाट्याला येणारे नव्हेच.

सर्वाधिक बळी गेलेल्या सिंधुपालचोकच्या डोंगरात आमच्यासमोर आल्या त्या घाईने घट्ट शिवलेल्या, आत माती राहून चिघळलेल्या जखमा. त्या उसवायच्या, धुवायच्या, मेलेले मांस काढून उघड्याच ठेवायच्या, धनुर्वाताचे इंजेक्शन द्यायचे आणि जखम स्वच्छ झाल्यावर काही दिवसांनी बंद करायची. कंटाळवाणे काम आहे, पण पाय वाचतो तो यानेच. त्याखेरीज रांगेत असत ते ज्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या नि इन्सुलिन घरासकट गाडले गेले असे वृद्ध आणि दिवस भरत आलेल्या बायका. भूकंपाला म्हणून बाळंतपण थांबत नाही. 12 मे रोजी पुन्हा 7.3 क्षमतेचा धक्का बसला. त्यानंतर छपराखाली यायला कोणी राजी होईना, तेव्हा तपासणी ताडपत्रीखाली. कोणत्या वस्तीत कोण गरोदर आहे, कोणाला चालता येत नाही, हे गावच्या महिला स्वास्थ्य स्वयंसेविकांना तोंडपाठ. त्यांच्यातल्या कित्येकींची स्वतःची घरे पडली होती. आमच्यापेक्षा त्यांचे काम मोठे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातून इंटर्नशिप संपवून आलेली मुले हल्ली विचारतात, "पुढच्या वेळी आम्हाला न्याल का?" मी आधी रजा किती मिळेल ते विचारतो. काठमांडूच्या विमानतळाला एकच धावपट्टी; मदतीच्या विमानांची तिथे अशी कोंडी झाली होती की चार दिवसांसाठी येणारा डॉक्टर विमानातली एका तंबूची जागा अडवतो. आपला तंबू, शिधा, पाणी शुद्ध करण्याची सोय आणि उसवलेली जखम पुन्हा शिवून होईपर्यंत थांबण्याची तयारी असेल, तर नाव जरूर द्यावे.